एका कानात कॉक्लिअर, दुसऱ्या कानात मशीन: ही जोडी कशी जमवायची

‘जेवलास.’ हा शब्द एकदा सांगितल्यासारखा म्हणा. मग तोच विचारल्यासारखा म्हणा: ‘जेवलास?’ अक्षरं तीच, बदलला तो फक्त आवाजाचा चढ. आता शेवटचा ‘स’ काढून टाका: ‘जेवला.’ बोलणं दुसऱ्याच माणसाबद्दल झालं.

एवढ्याशा शब्दासाठी कानाला दोन निराळी कामं करावी लागतात. ‘जेवला’ आणि ‘जेवलास’ यांत फरक एका ‘स’चा. ‘स’ हा वरच्या पट्टीतला आवाज, त्याचं बळ साधारण ४,००० हर्ट्झच्या पुढे असतं. सांगणं आणि विचारणं यांतला फरक मात्र अगदी खालच्या पट्टीत, बोलणाऱ्याच्या मूळ सुरात असतो. हा सूर पुरुषाचा साधारण १०० ते १२५ हर्ट्झ, बाईचा २०० च्या आसपास, लहान मुलाचा ३०० पर्यंत. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवलेलं आणि विजेच्या संकेतांनी ऐकवणारं यंत्र, ‘स’ फार चांगला पोचवतं, पण सुराचा चढउतार त्याच्यातून अंधुकच येतो. कानाच्या मशीनचं, म्हणजे श्रवणयंत्राचं, नेमकं उलट आहे. खूप कमी ऐकणाऱ्या कानात मशीन ‘स’ पोचवू शकत नाही, पण खालच्या पट्टीत थोडं जरी ऐकू येत असेल तर सूर पोचवतं.

म्हणून एका कानाचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या कानाचं मशीन कपाटात ठेवणं ही मोठी चूक आहे. दोन्ही यंत्रं एकाच वाक्याचे दोन वेगळे भाग आणून देतात.

सीमाभागातल्या मराठी घरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. कन्नडमध्ये ‘ऊट आय्तु’ म्हणजे जेवण झालं, आणि ‘ऊट आय्ता?’ म्हणजे झालं का. प्रश्न शेवटच्या स्वरातच कळतो, आणि ‘उ’ की ‘आ’ हे इम्प्लांटला बऱ्यापैकी ओळखता येतं. मराठीत आपण ‘काय’ किंवा ‘का’ जोडलं तर ठीक, ‘जेवलास काय?’ मध्ये शब्दच सांगतो. पण घरात बोलताना तो ‘काय’ कितीदा गळतो ते ऐकून पाहा. ‘आई आली?’, ‘दूध संपलं?’, ‘शाळा सुटली?’ इथे प्रश्न फक्त सुरात असतो. घरात मराठी ऐकणाऱ्या मुलाला म्हणूनच खालच्या पट्टीची गरज जास्त.

इम्प्लांटला सूर का जमत नाही

कानाच्या आत शंखासारखा अडीच वेढ्यांचा अवयव असतो. त्याच्या दाराशी वरच्या पट्टीतले आवाज ओळखले जातात, आतल्या टोकाशी खालच्या पट्टीतले. निरोगी कानात हे काम सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी करतात. इम्प्लांटची तार दाराकडून आत सरकवतात. तिच्यावर कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२ विद्युत टोकं असतात, आणि ती शंखाच्या अगदी आतल्या टोकापर्यंत क्वचितच जाते. म्हणजे मोजकी टोकं, तीही खालच्या पट्टीच्या जागेपासून अलीकडे. शिवाय प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा बाहेर घालायचा भाग, आवाजाचे पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्ट्यात जोर किती हेच मुख्यतः आत पाठवतो. त्या जोराच्या आतली बारीक थरथर, जिच्यातून सूर कळतो, ती वाटेत बरीच गळते. भजनाला बसलेल्या इम्प्लांटवाल्याला टाळ आणि पखवाजाचा ठेका स्वच्छ कळतो, पण चाल हातात येत नाही, ती यामुळे.

मशीनची अडचण वेगळी. ते आवाज फक्त मोठा करतं. शंखाच्या दाराशी पेशीच उरल्या नसतील तर तिथे कितीही मोठा आवाज ओतला तरी ऐकू येतो तो गोंगाट.

दोन्ही कान चालू असण्याचा आणखी एक फायदा गोंगाटात मिळतो. वरच्या पट्टीतले आवाज डोक्याला अडतात, त्यामुळे गोंगाट ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूचा कान कमी त्रासात असतो. दोन्ही चालू असतील तर मेंदू बरा कान निवडतो. एकच चालू असेल आणि गोंगाट नेमका त्याच बाजूला असेल तर निवडायला काही उरत नाही. आवाज कुठून आला हे ओळखायला मात्र जोडीची मदत अर्धीच होते. रस्ता ओलांडताना मुलाला दोन्हीकडे पाहायचीच सवय लावा. मागून आलेली टू-व्हीलर कोणत्या बाजूची आहे हे चुकतंच.

दुसऱ्या कानात काही उरलंय का, हे कसं कळणार

इथे घरच्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. बाळाची बेरा तपासणी होते (कानात आवाज सोडून श्रवणनाडी आणि मेंदूचा प्रतिसाद मोजतात), अहवालात ‘९० डेसिबलला प्रतिसाद नाही’ असं येतं, आणि कान पूर्ण बंद आहेत असं सगळे धरून चालतात. नेहमीची बेरा ‘क्लिक’ आवाजावर करतात, आणि ती मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्टीबद्दल सांगते. २५० आणि ५०० हर्ट्झला त्याच कानात ऐकू येत असू शकतं. म्हणून ५०० हर्ट्झची ‘टोन बर्स्ट’ बेरा किंवा एएसएसआर (तशीच, पण पट्टीवार ऐकणं सांगणारी) तपासणी झाली आहे का ते विचारा. मूल आठ-नऊ महिन्यांचं झालं, आवाजाकडे मान वळवू लागलं, की वर्तनावरून होणारी तपासणीही घ्या, प्रत्येक कानाची वेगळी.

ऑडिओग्रामच्या, म्हणजे कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं त्या आलेखाच्या, कागदावर डावीकडच्या दोन खुणा पाहा: २५० आणि ५००. तिथे रेघ साधारण ८५-९० डेसिबलच्या वर, म्हणजे चांगल्या बाजूला असेल, तर दुसऱ्या कानात मशीन ठेवण्याला चांगला अर्थ आहे. उजवीकडे, ४,००० पाशी काहीच नसलं तरी चालतं. ते काम इम्प्लांटचं.

जुळवणी

दोन यंत्रं नुसती घातली म्हणजे जोडी झाली असं नाही. आधी इम्प्लांट, मग मशीन, हा क्रम पाळावा लागतो.

ऑपरेशननंतर साधारण २ ते ४ आठवड्यांनी प्रोसेसर पहिल्यांदा चालू करतात. त्यानंतर मॅपिंग: प्रत्येक टोकाला जेमतेम ऐकू येईल एवढा कमीत कमी प्रवाह किती आणि सुखानं सोसेल असा जास्तीत जास्त किती, हे ठरवतात. पहिल्या महिन्यांत हे आकडे सारखे बदलतात. या काळात मशीन जुन्याच सेटिंगवर चालू ठेवायचं, बंद करायचं नाही. मॅप स्थिरावला, म्हणजे दोन-तीन भेटींत आकडे फारसे हलले नाहीत, की मशीनची नव्यानं जुळवणी मागायची.

त्या जुळवणीत तीन गोष्टी होतात. पहिली, मशीनमधून कानात प्रत्यक्ष किती आवाज पडतो ते कानात बारीक नळी घालून मोजतात. मूल बसत नसेल तर कानाचं माप एकदा घेऊन बाकीचं काम मशीन तपासणीच्या पेटीत ठेवून करतात. संगणकानं सुचवलेलं ‘पहिलं सेटिंग’ तसंच ठेवणं पुरेसं नसतं, कारण लहान मुलाच्या कानाची पोकळी लहान, त्यात तोच आवाज जास्त जोरात पडतो. दुसरी, खालची पट्टी नीट ऐकू येईल एवढी उचलायची आणि जिथे पेशी मेल्या आहेत त्या वरच्या पट्टीत उगाच जोर लावायचा नाही. वरचे आवाज खाली सरकवून देणारी सोय काही मशीनमध्ये असते. इम्प्लांट सोबत असताना ती आधी बंद ठेवून पाहणं बरं, नाहीतर एकच ‘स’ दोन कानांत दोन रूपांत येतो. तिसरी गोष्ट दोन्ही बाजूंचा जोर सारखा करणं. मोठ्या माणसाला समोरून बोलून विचारतात, आवाज नाकासमोर वाटतो की एका बाजूला ओढला जातो. दोन कानांनी ऐकलं की एकंदर आवाज मोठा वाटतो, त्यामुळे कधी दोन्ही बाजू थोड्या खाली आणाव्या लागतात.

काही कंपन्यांची इम्प्लांट आणि मशीनं एकमेकांशी जुळवून बनवलेली असतात. ॲडव्हान्स्ड बायोनिक्सचं फोनाकशी, कॉक्लिअर कंपनीचं रिसाउंडशी नातं आहे. फोनचा आवाज दोन्ही कानांत एकदम जातो, ही त्यातली मोठी सोय. पण चांगलं चालणारं दुसऱ्या कंपनीचं मशीन घरात असेल तर फक्त यासाठी ते फेकू नका. नीट केलेली जुळवणी कंपनीच्या जोडीपेक्षा मोलाची.

आपल्या भागात बिघडतं ते बहुतेक इथे: ऑपरेशन बेंगळुरू, मुंबई किंवा हुबळीला झालेलं, मॅपिंग एकीकडे, मशीन दुसऱ्याच दुकानातून घेतलेलं. दोघांकडे एकमेकांचे आकडे नसतात. एक जण इम्प्लांट वाढवतो, दुसरा मशीन वाढवतो, आणि मूल दोन्ही ओढून काढतं. उपाय साधा आहे. एका फाईलमध्ये तीन कागद कायम ठेवा: दोन्ही कानांचा ताजा ऑडिओग्राम, शेवटच्या मॅपची प्रत, मशीनच्या सेटिंगची प्रत. कुठेही जाताना दोन्ही यंत्रं आणि ही फाईल. मॅपिंगला जाताना मशीन घरी ठेवून जायचं नाही.

रोज सकाळची सहा आवाजांची परीक्षा

आ, ई, ऊ, म, श, स. हे सहा आवाज बोलण्याची जवळजवळ सगळी पट्टी व्यापतात. मुलाच्या मागे किंवा बाजूला एक मीटरवर उभं राहा, ओठ दिसू देऊ नका, साध्या आवाजात एकेक म्हणा. आवाजांमधलं अंतर कमीजास्त ठेवा, मध्ये नुसतं गप्पही राहा. ठरावीक तालात म्हटलं की मूल अंदाजानं हात वर करतं. लहान मूल ऐकल्यावर डब्यात ठोकळा टाकेल, मोठं मूल तोच आवाज म्हणून दाखवेल.

आधी फक्त इम्प्लांट, मग फक्त मशीन, मग दोन्ही. फक्त मशीनवर ‘स’ आणि ‘श’ आले नाहीत तर घाबरू नका, ते अपेक्षितच आहे. पण कालपर्यंत येणारे ‘म’ आणि ‘ऊ’ आज मशीनवर गेले, तर सेल, मोल्डच्या (मशीनचा कानात बसणारा साचा) नळीतलं पाणी किंवा मळ तपासा. इम्प्लांटवर एकटा ‘स’ हरवला तर प्रोसेसरच्या माइकवरची जाळी तुंबली असण्याची शक्यता मोठी. सहाही गेले तर कॉइलची (लोहचुंबकानं डोक्याला चिकटणारी चकती) वायर पाहा, सगळ्यात आधी तीच तुटते. वायर बदलूनही जमलं नाही तर त्याच दिवशी मॅपिंगच्या ठिकाणी फोन करा.

मुलाशी खेळायला आपल्या भाषेत शब्दांची खाणच आहे. काय, गाय, पाय, माय, साय: फक्त पहिलं अक्षर बदलतं. ‘पाय’ आणि ‘माय’ ओठांवर सारखेच दिसतात, तिथे ‘म’चं गुंजन मशीन देतं. ‘साय’ इम्प्लांट देतं. सात, हात, भात, दात, रात हीसुद्धा तशीच माळ. आणि प्रश्नाचा खेळ: ‘बाबा आले’ म्हटलं तर मुलानं टाळी वाजवायची, ‘बाबा आले?’ म्हटलं तर दाराकडे बोट दाखवायचं. हा खेळ मशीन काढून आणि घालून, दोन्ही तऱ्हांनी खेळा. फरक तुमच्याच डोळ्यांना दिसेल.

शिकवणारे थेरपिस्ट कन्नड बोलणारे असतील तर घरातल्या पन्नासेक मराठी शब्दांची यादी त्यांच्या हाती द्या. शाळा कन्नड आहे म्हणून आईनं मोडक्या कन्नडमध्ये बोलायची गरज नाही. ज्या भाषेत आईला गोष्ट सांगता येते, रागावता येतं, लाड करता येतात, तीच भाषा मुलाला आधी भरपूर मिळू दे. दुसरी भाषा त्यावर चढते.

मूल मशीन काढून टाकतं तेव्हा

इम्प्लांट चालू झाल्यावर काही महिन्यांत हे हमखास होतं. इम्प्लांटमधून अक्षरं स्वच्छ येऊ लागतात आणि मशीनचा आवाज त्यापुढे घुमल्यासारखा वाटतो. काढण्याआधी तीन कारणं तपासा. मोल्ड लहान झाला आहे का? बाळाचा कान वाढतो, पहिल्या दोन-तीन वर्षांत मोल्ड दर ३ ते ६ महिन्यांनी बदलावा लागतो. शिट्टी वाजते ती मशीनची नसते, सैल मोल्डमधून निसटलेल्या आवाजाची असते. दुसरं, मशीन फार मोठ्यानं लावलं आहे का? दचकणं, डोळे मिटणं, रडणं ही खूण. तिसरं, कानात फोड किंवा स्राव आहे का?

कानात कोमट तेल घालायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती बंद करा. तेलानं मोल्ड घसरतो, नळी तुंबते, आणि पडदा फाटलेला असेल तर संसर्ग आत जातो. डोक्याला तेल लावायचं तर रात्री, प्रोसेसर काढल्यावर. सकाळी कॉइलखालची त्वचा पुसून कोरडी करा. तिथे लाली किंवा खळगा दिसला तर लोहचुंबक जास्त जोराचं आहे, कमी ताकदीचं मागा.

फक्त इम्प्लांटचा सराव हवा असेल तर दिवसातून तास-दोन तास, थेरपीच्या वेळी, मशीन काढा. बाकी जागेपणीचा सगळा वेळ दोन्ही.

जांबोटी-कणकुंबीचा पाऊस

खानापूरच्या पश्चिमेला चार महिने हवा ओलीच असते, आणि यंत्रांचा खरा शत्रू तो ओलावा. रात्री दोन्ही यंत्रं सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवा. झिंक-एअर सेल आधी काढून घ्या, डब्यात ते सुकून लवकर मरतात. जेलचा रंग बदलला म्हणजे ते भरलं. पावसाळ्यात हे आठवड्यातच होऊ शकतं, मग पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवा किंवा बदला. मोल्डच्या नळीत पाण्याचा थेंब दिसला तर नळी मशीनपासून सोडवून रबरी फुग्यानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, श्वासात वाफ असते. नळी कडक, पिवळी झाली की बदला.

सेलच्या बाबतीत एक बारकावा. मशीनचा आणि काही प्रोसेसरांचा सेल दिसायला एकच, ६७५ नंबरचा, निळ्या खुणेचा. पण प्रोसेसरला जास्त प्रवाह लागतो, त्यासाठीचे सेल वेगळे येतात. मशीनचा सेल त्यात घातला तर यंत्र थोड्या वेळात बंद पडतं आणि घरचे बिघाड शोधत बसतात. चिकटपट्टी काढल्यावर सेल मिनिटभर हवेत ठेवून मग घाला. लहान मूल असेल तर सेलच्या दाराला कुलूपवाली खिटी घ्या. सेल गिळला गेला तर वाट न पाहता दवाखान्यात.

शाळा

पत्र्याच्या छपराखाली पाऊस पडत असताना शिक्षकांचा आवाज कुठल्याच यंत्राला वेगळा काढता येत नाही. शिक्षकांच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या यंत्रांना थेट आवाज, ही वायरलेस सोय तिथे खरी उपयोगी. ती घेताना दोन्ही यंत्रांना जोडते ना, हे तपासा. मुलाला पहिल्या-दुसऱ्या बाकावर असं बसवा की इम्प्लांटचा कान शिक्षकांकडे आणि खिडकी-रस्ता मशीनच्या बाजूला राहील. मिरवणुकीच्या डीजेपासून मशीनचा कान जपा. उरलेलं ऐकणं त्याच कानात आहे. मशीनची कमाल आवाजाची मर्यादा किती ठेवली आहे तेही जुळवणीच्या वेळी विचारा.

मोठ्यांसाठी

वयानुसार किंवा हळूहळू ऐकू येणं गेलेल्या माणसाला इम्प्लांटचा पहिला आवाज यंत्रमानवासारखा, चिरका वाटतो. दुसऱ्या कानातलं मशीन तेव्हा ओळखीचा आवाज देतं आणि मेंदू नव्याची सांगड जुन्याशी घालतो. बायकोचा आवाज बायकोसारखा वाटायला याची फार मदत होते. मोठ्या माणसानं मात्र रोज तासभर फक्त इम्प्लांटवर बातम्या किंवा कीर्तन ऐकावं, नाहीतर मेंदू सोप्या कानावरच विसंबून राहतो. काही थोड्या लोकांना दोन्ही एकत्र घातल्यावर कमी कळतं, हेही खरं आहे. त्यांच्यात बहुतेकदा जुळवणी चुकलेली असते. ती सुधारूनही तसंच राहिलं तर मशीन सोडणं योग्य. टोपीनं आणि हेल्मेटनं कॉइल निसटते, हेल्मेटच्या आतला फोम तेवढ्या जागी कापू नका, कॉइल मावेल अशा मापाचं हेल्मेट घ्या. फोम कापला की संरक्षण जातं.

काहींना एकाच कानात दोन्ही मिळतात. खालची पट्टी चांगली शाबूत असेल तर नाजूक, आखूड तार घालून ती वाचवायचा प्रयत्न करतात, आणि प्रोसेसरलाच मशीनचा भाग जोडतात. ऑपरेशननंतर ते ऐकणं टिकेलच असं नसतं, हे आधी समजून घ्यावं.

योजना आणि पुढचा निर्णय

केंद्र सरकारच्या एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेतून मुलांना इम्प्लांट मिळतं. जन्मतः न ऐकणाऱ्या मुलासाठी वयाची मर्यादा ५ वर्षं आहे. योजना केंद्राची, त्यामुळे घर सीमेच्या कोणत्या बाजूला आहे याचा प्रश्न येत नाही. तिचं काम मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था तपासणी आणि पालकांच्या प्रशिक्षणासाठी आहेच. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगा, बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. ऑपरेशनआधी न्यूमोकोकलची लस पूर्ण झाली आहे ना हे पाहा, इम्प्लांटवाल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो.

योजनेतून इम्प्लांट एकाच कानाचं मिळतं. म्हणूनच दुसऱ्या कानाचं काय, हा प्रश्न घराघरात उभा राहतो. उत्तर ठरवायला मुदत ठेवा: नीट जुळवलेलं मशीन, मापाचा मोल्ड, जागेपणीचा सगळा वेळ, असे ३ ते ६ महिने. मग तीन तपासण्या मागा: फक्त इम्प्लांट, फक्त मशीन, दोन्ही, शांततेत आणि गोंगाटात. मशीनवर ‘म’ आणि ‘ऊ’सुद्धा येत नसतील आणि दोन्हींचा आकडा एकट्या इम्प्लांटपेक्षा पुढे जात नसेल, तर त्या कानाला मशीन पुरत नाही आणि दुसऱ्या इम्प्लांटचं विचारायची वेळ आली आहे. लहान मुलात हा निर्णय वर्षानुवर्षं लांबवू नये. मेंदू एकाच कानाला सरावला की दुसरा मागे पडतो. आणि तारीख ठरली तरी ऑपरेशनच्या सकाळपर्यंत मशीन त्या कानातच राहू द्या.